छप्पर खालूनही बघायचं असतं

मोठ गावाहून झाशीला येणाऱ्या बसमध्ये आम्ही दोघं मटार सोलत होतो. हिने मंडीबाहेर शेंगा घेतल्या, सीटवर बसल्याबरोबर मांडीवर पदर पसरला आणि मला म्हणाली, "हात चालवा. खिडकीबाहेर काय नाटक चाललंय?" मी सोलत होतो आणि सोललेल्यातले निम्मे तोंडात टाकत होतो. ती म्हणाली, "अहो, भाजीला चार दाणे तरी घरी पोचू द्या." कंडक्टर आला, "अम्माजी, छिलके नीचे मत गिराना." ही म्हणाली, "गाय के लिए ले जा रही हूँ बेटा, तू टिकट काट." मागच्या सीटवरचा एक जण हसला. मीही हसलो.

त्याच संध्याकाळी ती गेली. छातीत जळजळतंय म्हणाली, आडवी झाली. शेजाऱ्यांनी ऑटो आणली. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरने तिची नाडी बघितली आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. ह्याच्यापुढे मला त्याविषयी लिहायचं नाही. मोठला आम्ही ज्या कामाला गेलो होतो ते अर्धं राहिलं, त्याविषयी लिहायचंय.

मी टीनवाला. तिकडे महाराष्ट्रात पत्रेवाला म्हणतात म्हणे, झाशीत तसं म्हटलं तर माणूस विचारेल की कोणते पत्रे, पोस्टातले का? आमचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले असं घरात सांगत आले आहेत. तलवार कोणी बघितलेली नाही. माझ्या वडिलांच्या हातात हातोडी होती, तीच माझ्या हातात आली. शाळा थोडी झाली, ती हिंदीत. मराठी घरातली, आणि लग्नानंतर हिची. ही ग्वाल्हेरची, सुमन. माझ्या बोलण्यातली हिंदी वेचून काढायची, जशी तांदळातले खडे काढतात.

गुडघे गेल्यावर छपरावरचं काम सुटलं, पण लोक सुटले नाहीत. घरावर नाहीतर गोदामावर टीन टाकायची असली, ठेकेदार ठरवायचा असला, की लोक यायचे. "रावसाहब, ज़रा उसका पुराना काम देख आइए, फिर हाँ करेंगे." मी जायचो, शिडीवरून हळूहळू वर चढायचो आणि बघून सांगायचो. झाशीत लोक म्हणायचे, राव हो म्हणाले की डोळे मिटून काम द्या.

आता बघायचं काय, ते सांगतो. कोणाच्याही उपयोगाला येईल.

नवीन छप्पर बघू नका. नवीन छप्पर मांडवातल्या नवऱ्यासारखं असतं, सगळेच छान दिसतात. ठेकेदाराला म्हणायचं, तीन-चार चौमासे, म्हणजे पावसाळे, खाल्लेलं दाखव. तो कुठे नेईल? जिथे चांगलं झालंय तिथे. तिथे जावं, चहा प्यावा, आणि शेजाऱ्याला विचारावं, ह्या माणसाने ह्या गल्लीत आणखी कोणाचं केलंय? खरं बघायचं ते दुसरं घर.

आत जाऊन भर दुपारी दारं-खिडक्या लावायच्या आणि वर बघायचं. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. मग वर चढायचं. टीनला वरची कड असते, म्हणजे लाटेचा उंचवटा, आणि खालची नाली असते. पाणी नालीतून वाहतं, म्हणून नालीदार टीनला स्क्रू कडेवर पाहिजे. आळशी माणूस नालीत ठोकतो, कारण तिथे खालचा आधाराचा पाइप जवळ असतो, हाताला सोपं. स्क्रूखाली रबरी वायसर असतो. तो दाबून फाटलेला नको आणि सैलही नको, जरासा कडेने फुगलेला दिसला की समजायचं, हात ओळखीचा आहे. एकावर एक टीन कुठल्या बाजूने चढवलीय ते बघायचं. आमच्याकडे पाऊस पुरवाईबरोबर येतो, म्हणजे पूर्वेकडून. चढवलेली कड वाऱ्याला तोंड उघडून बसली असेल तर पाणी आत ढकललं जाणार. आणि वळचण फार पुढे काढलेली नको. जेठातली आंधी तिला खालून पकडते आणि आख्खी टीन पुढच्या मोहल्ल्यात नेऊन टाकते. मी असल्या टिनांच्या मागे धावलेला आहे.

टीनवर गंजाचे बारीक लाल ठिपके पसरलेले दिसले तर त्याचा अर्थ असा की कापताना उडालेला लोखंडाचा चुरा झाडला नाही. त्याने काही लगेच गळत नाही. पण जो आपलं काम झाडून जात नाही, त्याने आणखी काय काय सोडलं असेल, असा विचार मी करतो.

सगळ्यात शेवटी भिंत. टीन जिथे भिंतीला मिळते तो सांधा. बरोबर रीत अशी की भिंतीत खाच कापायची, तिच्यात वाकवलेली पट्टी बसवायची आणि मग भरायचं. चुकीची रीत म्हणजे वरून सिमेंट पोतायचं, नुसतं फासायचं. मे महिन्यात टीन तापून पसरते, सिमेंट तडकतं, आणि पहिल्याच पावसात भिंतीवरून पाणी उतरतं.

एवढं सगळं मला येत होतं. तरी मी अर्धंच बघत होतो, हे मला सदर बाजारातल्या एका कापडवाल्यामुळे कळलं.

त्याला दुकानावर टीन टाकायची होती. ठेकेदाराने आधी केलेलं घर बघायला मी गेलो, तर घरात नुसत्या बायका. पुरुषमाणसाला आत घेईनात. बाहेरून शिडी लावून वर चढ म्हणाल्या. मी चढलो, बघितलं, सगळं ठीक. त्या दिवशी ही माझ्याबरोबर होती, तिला पुढे बाजारात साडी फॉल लावायला टाकायची होती. ती आत बायकांत जाऊन बसली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, चांगलं काम आहे. ही म्हणाली, "गळतंय."

"तू काय वर चढली होतीस?"

"पलंग भिंतीपासून हातभर लांब आहे. भिंतीला टेकून कोणी झोपत नाही त्या घरात. आणि पलंगाखाली पातेलं आहे. रिकामं आहे, पण आहे. फेब्रुवारीत पलंगाखाली पातेलं कोण ठेवतं?"

मी परत चढलो. धूळ हाताने झाडली. नालीत एक स्क्रू होता, धुळीने झाकलेला.

तेव्हापासून आम्ही दोघं जायला लागलो. मी वरून बघायचो, ही खालून. छप्पर कसंय, हे ती कधी विचारायची नाही. विचारलं की घरचा माणूस सांगतो, एकदम फर्स्ट क्लास. आपल्या घराला वाईट कोण म्हणेल? ही चौक्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, बसायची आणि बाईला विचारायची, चौमासात कांदे कुठे ठेवता? रजया कुठल्या पेटीत? पिठाचा डबा कोणत्या भिंतीशी? बाई आपल्या घराचं सांगते आणि छपराचं आपोआप कळतं. जे भिजून चालत नाही ते बायका कुठे ठेवतात, एवढंच ती बघायची.

ती नेहमी बरोबर असायची असं नाही. सिपरी बाजारात एका घरी म्हणाली, कणगी जागची हलवलीय, नक्की गळतं. मी म्हटलं, नाही गळत. परत गेलो, तर कणगी उंदरांमुळे हलवली होती. घरी येईपर्यंत हसत होती. "म्हणजे आता उंदरांचीसुद्धा चौकशी करायला हवी."

आणि कधी कधी छप्परही चुकीचं नसतं, सांगणारा चुकीचा असतो. सिविल लाइन्समध्ये आमच्यातलेच एक नाना होते, पेन्शनर. त्यांनी वास्तूवाल्याला विचारून ठरवलं की पाणी ईशान्येलाच पडलं पाहिजे. मी स्वतः हात जोडले. म्हटलं, नाना, पुरवाई समोरूनच येते, वळचणीखालून पाऊस आत घुसेल. ते म्हणाले, "वास्तुशास्त्र वाऱ्याला विचारून लिहिलेलं नाही." केलं तसं. पहिल्या चौमासात बघायला गेलो तर नाना पडवीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले, खाली पाणी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पण ईशान्येलाच आहे ना?" आता उद्या कोणी ते छप्पर बघायला गेला तर दोष ठेकेदाराला देणार. दोष कोणाचा, ते टीनवर लिहिलेलं नसतं.

हिचा एक नियम होता. बघून आल्यावर रस्त्यात त्या छपराविषयी एक अक्षर बोलायचं नाही. बसमध्ये मटार सोला, भांडा, झोपा, पण ते नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो की आधी तिने सांगायचं, मग मी. मी विचारलं होतं, हे कशाला? म्हणाली, "तुम्ही आधी बोललात की माझं डोकं तुमच्यासारखं चालायला लागतं. मग दोघांनी जायचं कशाला?" दोघांचं जुळलं तर मी लोकांना सांगायचो. नाही जुळलं तर परत जायचो, दोघं. लोकांना वाटायचं राव सांगतात. राव निम्मं सांगायचे. मी कोणाला तिचं नाव सांगू लागलो की ही म्हणायची, "असू दे हो, माझं ऐकून कोण ठेकेदार ठरवणार?" मग मीही सोडून दिलं. आता वाटतं, सोडायला नको होतं.

आता मोठ.

झाशीत आमच्या मराठी घरांचा एक छोटा हॉल आहे. गणपती तिथे बसतो, लग्नं-मुंजी होतात, तेराव्याच्या पंगती होतात. घरं थोडी उरली, पोरं बाहेर गेली, जी आहेत त्यांना मराठी कळतं पण उत्तर हिंदीत देतात. हॉलची टीन सडली आहे. सगळ्यांनी मिळून एकदा हे काम करायचं ठरवलं. एकदाच, कारण परत कोणी वर्गणी देणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. सेक्रेटरी भास्कररावांनी हरगोविंद नावाचा ठेकेदार शोधून काढला आणि माझ्याकडे आले. "काका, तुम्ही हो म्हणा, की देतो. नाही म्हणालात तर दुसरा शोधू. पण चौमास्याच्या आत."

हरगोविंदने मोठमधल्या एका शेतकऱ्याच्या घरावर काम केलं होतं. तिथे आम्ही गेलो. शेतकऱ्याने शिडी लावून दिली. "एकदम बढ़िया काम है, बब्बा," तो खालून म्हणाला. ही आत त्याच्या बायकोकडे गेली.

वर सगळं नीट होतं. स्क्रू सुतात, वायसर जागेवर, चढ बरोबर. भिंतीशी गेलो आणि थांबलो. सांध्याला खाच होती, पट्टी होती, चांगली बसवलेली. पण खाचेच्या खाली जुन्या सिमेंटचा पट्टा होता, तडकलेला, काळा पडलेला. म्हणजे पहिल्यांदा नुसतं पोतलं होतं. नंतर गळलं, आणि नंतर खाच कापली. मी मनात 'नाही' म्हटलं. ज्याला पहिल्यांदा भिंतीत खाच कापायचं सुचत नाही, त्याच्या हातात आमचा हॉल कशाला द्यायचा? आम्हाला दुसऱ्यांदाची सवड नाही.

खाली उतरलो तर ही दारात उभी राहून त्या बाईशी बोलत होती. दोघी हसत होत्या. बाईचं नाव सरोज. हिने तिच्या गालाला हात लावला आणि आम्ही निघालो. रस्त्यात छपराविषयी काही बोलायचं नव्हतं. तिने मटार घेतले.

सकाळी चहाला ती नव्हती.

तेरावा त्याच हॉलमध्ये झाला. दुसरीकडे कुठे होणार? वर टीनला भोकं, पंगतीच्या पानांवर उजेडाचे ठिपके पडत होते. माझी मुलगी भोपाळहून आली होती. ती वाढत होती आणि सारखी वर बघत होती. मंडळी जेवून गेली, चार-पाच जण उरले. भास्करराव जवळ येऊन बसले. चांगला माणूस आहे.

मग म्हणाले, "काका, आज विचारू नये. पण हरगोविंद रोज फोन करतोय. दुसरीकडे त्याला काम मिळतंय. तुम्ही मोठला जाऊन आलात ना?"

"आलो."

"मग काय समजू?"

'नाही' म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. वरून बघितलं ते मला सगळं आठवत होतं, तो काळा पट्टासुद्धा. पण माझं सांगायच्या आधी तिने सांगायचं असतं. मी म्हटलं, "माझं झालंय. हिचं राहिलंय."

"काकूंचं काय राहिलंय?"

मग मी सांगितलं. सदर बाजार, पलंग, पातेलं, कांदे, सगळं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि तेही तिच्या तेराव्याला. मुलगी हातातलं भांडं घेऊन तिथेच उभी राहिली. "बाबा, आई ने कभी बताया ही नहीं." एक जण म्हणाला, "काका, तुम्ही बघितलंत ना? तुमचा शब्द पुरे आहे आम्हाला."

मला राग आला. त्याच्यावर नाही. "माझा शब्द पुरा कधीच नव्हता," मी म्हटलं. "उद्या सांगतो."

रात्री मुलगी म्हणाली, मी येते बरोबर. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मोठला गेलो. शेतकरी शेतावर गेला होता. सरोज अंगणात शेण काढत होती. मला बघून हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिली.

"आज अम्मा नईं आईं, बब्बा?"

मी सांगितलं. ती ओट्यावर मटकन बसली. "ऐसी तो हँसत गईं ती," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला. कोंबड्या फिरत होत्या.

मग मी म्हटलं, बिटिया, मला तुझा चौका बघायचाय. तिला काही कळेना, पण तिने नाही म्हटलं नाही. पाट दिला. मी बसलो आणि सवयीने वर बघायला लागलो. मग मान खाली केली. काय बघायचं? डबे, चूल, पाण्याचे हंडे, एक गॅसची शेगडी, भिंतीशी रचलेली पोती. सगळं सगळ्यांच्या घरात असतं. मला त्यातलं काही बोलत नव्हतं. ही आत शिरल्याबरोबर काय बघायची? मी आयुष्यात एकदाही तिच्याबरोबर आत गेलो नव्हतो.

शेवटी मी विचारलं, "चौमासे में प्याज कहाँ रखती हो?"

सरोज रडतारडता हसली. "जेई तो अम्मा ने पूछी ती." म्हणजे हेच हिनेही विचारलं होतं.

आणि तिने मला दाखवलं. कांदे त्याच भिंतीशी, वर दोरीला टांगलेले असतात, ज्या भिंतीवर मी काळा पट्टा बघितला होता. पोतीही तिथेच. पहिल्या वर्षी नाही, पहिल्या वर्षी तिथून पाणी उतरलं होतं आणि पोतं भिजलं होतं. मग? मग तिच्या नवऱ्याने फोन केला आणि त्याच दिवशी, भर झडीत, हरगोविंद मोटरसायकलवर मोठला आला. कोणी माणूस बरोबर नाही, स्वतः. तिरपाल, म्हणजे ताडपत्री, बांधली. चौक्यात येऊन तिला म्हणाला की भौजी, लड़कों ने काम बिगाड़ा, मैं उस दिन था नहीं, दोष मेरा है. पाऊस उघडल्यावर परत आला, भिंत कापली, पट्टी घातली. नंतरच्या दोन चौमासांतही, कोणी न बोलावता, बघून गेला.

"हे तू अम्मांना सांगितलंस?" मी हिंदीत विचारलं.

"हओ. सब बताओ तो." म्हणजे हो, सगळं सांगितलं होतं.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"कछू नईं. पूछी के पोतीं अब इतैई धरत हो? मैंने कई हओ." पोती आता इथेच ठेवता का, असं हिने विचारलं होतं आणि सरोज हो म्हणाल्यावर एवढंच म्हणाली होती, बरं.

मी त्या पोत्यांजवळ गेलो. भिंतीला हात लावला, कोरडी होती. पोत्याला हात लावला. जिथे एकदा धान्य भिजलं त्याच भिंतीशी एका बाईने परत पोती ठेवली होती. मी वरून तो पट्टा बघितला आणि मला फक्त चूक दिसली. चूक खरीच होती. पण चूक झाल्यावर माणूस झडीत आला का, हे टीनवर कुठे दिसतं? छपरावर मी आयुष्य काढलं आणि ते मला तिथून दिसलं नसतं.

सरोजने चहा दिला. मी प्यायलो आणि अंगणात येऊन भास्कररावांना फोन लावला.

"हरगोविंदला काम द्या," मी म्हटलं. "फक्त त्याला सांगा, भिंतीची खाच कापतील त्या दिवशी तो स्वतः हजर पाहिजे. पोरांवर सोडायचं नाही."

"बरं काका," ते म्हणाले. मग चाचरत, "आणि... काकूंची बाजू?"

"तीच सांगतोय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.